बोडीकाठचं बियाणं

आमच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, रानधान शिरलं तेव्हा बाबांनी आधी ते हसण्यावारी नेलं. रानधान कोवळेपणी हुबेहूब आपल्या धानासारखं दिसतं. निंदायला उतरलं तर कुठलं उपटावं कळत नाही. पिकत आलं की लांब कुसळं येतात आणि कापणीआधीच दाणे चिखलात झडतात. पुढच्या वर्षी आणखी उगवतं. "फुकटात पेरणी होऊन राह्यली आपली," बाबा म्हणायचे. मग एका दिवाळीत कापायला निम्मंच धान उरलं आणि त्यांची थट्टा आटली.

त्या बांधीत आई तिच्या माहेरचं धान लावायची. बारीक, उशिरा येणारं, शिजलं की शेजारपाजारपर्यंत वास जाणारं. सासरी तिचं पहिलं कौतुक झालं ते त्या भातामुळे. दुसऱ्या कशामुळे कधी झालं असेल असं मला वाटत नाही.

रानधानावर आमच्याकडे उपाय जुनाच होता. दोन वर्षं जांभळ्या पात्याचं धान लावायचं. त्यात रानधान हिरवं दिसतं, दिसलं की उपटायचं. तो भात जाडाभरडा, घशाखाली उतरत नाही, पण बांधी साफ होते. तोवर आईचं बियाणं जिवंत ठेवायचं तर थोडं कुठंतरी लावायलाच हवं होतं. तिनं बोडीच्या, आमच्या छोट्या तळ्याच्या, काठाला एक पट्टा धरला, कारण तिथं पाणी टिकायचं. तिथंच रानधानही उभं होतं, मुद्दाम राखलेलं. ऋषिपंचमीच्या उपासाला नांगर न लागलेलं खायचं, म्हणून बोडीकाठचं रानधान आमच्या गावात कोणी उपटत नसे. बाया टोपलीत दाणे झाडून घेत आणि पुढच्या पंचमीपर्यंत जपून ठेवत.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता, मी चंद्रपूरला कॉलेजात शिकत होते. दोन्ही धानं एकाच वेळी फुलोऱ्यात आलेली बघून मला धास्ती वाटली. "आई, हे उपटून टाक. तुह्या धानात मिसळन."

"मंग पंचमीले का खाऊ? तुहं कॉलेज?"

तिसऱ्या वर्षी साफ बांधीत तिनं बोडीकाठचं बियाणं लावलं. लोंब्या आल्या आणि आमचे चेहरे उतरले. कुठं कुसळ, कुठं नाही. एक लोंब गच्च भरलेली, तर शेजारची हात लावताच झडणारी. हे बाहेरून शिरलेलं नव्हतं, आम्हीच आमच्या हातानं रोवलं होतं. आई दिवसभर धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, फिरायची. "हे माहंच हाये," म्हणत लोंब आणायची, आणि सोलली की दाणा रानधानासारखा लाल निघायचा. मला तिचा संताप यायचा आणि तिच्याकडे बघवायचंही नाही.

मी एसटीनं धानोऱ्याकडे मामाच्या गावी गेले, मूठभर तरी बियाणं मिळेल म्हणून. "आता कोन लावते ते, बाई?" मामी म्हणाली. "सारे पाकिटाचंच बी आनते." शेजारीपाजारीही विचारलं. कुठंच नव्हतं. परतीच्या एसटीत मी रडले, लोक बघत होते तरी.

तोवर आईनं बिनकुसळाच्या, न झडणाऱ्या, पांढऱ्या दाण्याच्या लोंब्या निवडून त्यांच्या दोन जुड्या बांधल्या होत्या. मी रिकाम्या हातानं आले हे तिनं बघितलं. एक जुडी मळली आणि दाणे उखळात घातले.

"अवं, बियाणं हाये ते!" बाबा ओरडले.

"वास असन तं बियाणं."

भात शिजला. ती भांड्यावर वाकली, बराच वेळ तशीच राहिली. मग मला म्हणाली, "तू पाहाय. माह्या नाकात धूर गेला असन."

मी वाकले. कुणाच्याही घरी येतो तसा नुसत्या भाताचा वास होता.

"येऊन राह्यला," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, दुसरी जुडी ओढली, तिची गाठ सोडली आणि तीही मळून उखळात घातली.