मिक्सरवरचे आबा

आबा रिक्षात बसले, की शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावायचा. अंगाला सुक्या मासळीचा वास यायचा त्यांच्या. मूळचे सोनगीरचे, जन्मात मासा तोंडात घातला नव्हता. पण जळगावच्या आमच्या कोळंबी-खाद्याच्या कारखान्यात मासळीची भुकटी मिक्सरमध्ये ओतायचं काम त्यांच्याकडे होतं. "मी मासे खात नाही भाऊ, मासेच मला खाताहेत," असं ते शांतपणे सांगत.

ते खरंच होतं. त्या धुळीने त्यांना दमा जडला होता. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं, तेव्हा आबा मालकांकडे गेले आणि म्हणाले, "मासळीच काढून टाकू. सोयाबीनची पेंड घालून पाहू." चांगली मासळी मिळेनाशी झाली होती, म्हणून मालकही तयार झाले. मी तपासणी विभागात होते. चाचणीच्या टाक्या माझ्याकडे आल्या आणि आबा त्यांच्यामागोमाग.

कोळंबीला पेंड आवडेना. खाद्य तळाशी पडून राही, पाणी नासे. सकाळी मेलेल्या कोळंब्या आबा स्वतः हाताने वेचत. "यांना बोलता येत नाही ताई. नको असलं की मरतात," ते म्हणत. पुढे आम्ही पेंड आंबवून पाहिली. एका दुपारी मला हाक आली, "ताई, खाताहेत." टाकीवर वाकलेल्या आबांच्या छातीतली शीळ मला दारातूनच ऐकू आली.

हळूहळू मासळीची पोती येणं जवळपास थांबलं. आबांचा वास गेला. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, त्यांना कामावरून थेट स्वयंपाकघरात येऊ दिलं, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

खोकला मात्र वाढतच गेला. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, सोयाबीनची बारीक धूळही दमा वाढवते. परत आल्यावर आबा पेंडीच्या पोत्यावर बसले आणि कारखान्यात कधी न बोललेल्या घरच्या बोलीत म्हणाले, "मासा गया, पेंड उनी. धूळ तीच शे." त्यांना पॅकिंगला हलवलं, पण तोवर फार उशीर झाला होता.

दवाखान्यात त्यांना आडवं होता येत नव्हतं. अक्का पाठीशी बसून त्यांना धरून ठेवत. मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी तुटक श्वासात विचारलं, "मिक्सरवर आते कोण शे?" मी नाव सांगितलं. शिरपूरकडचा, नुकतंच लग्न झालेला माणूस होता. आबांनी डोळे मिटून घेतले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. आठवड्याच्या आतच गेले.

मी मालकांचा पिच्छा सोडला नाही. मिक्सरला झाकण बसलं, धूळ ओढून घेणारा पंखा आला. त्याचा आवाज मोठा आहे, डोकं उठतं. कामावरची माणसं जरा वेळ तरी बंद करू द्या म्हणून विनवतात. मी बंद करू देत नाही.