काटा चढला

माझी आत्या आयुष्यभर बियांचं पाणी जोखत आली. बियाणांच्या प्रयोगशाळेत तिला सगळे काटाबाई म्हणत. नाव मीटरच्या काट्यावरून पडलं होतं, पण तिच्या जिभेलाही शोभायचं. कोरड्या बीतलं पाणी बीला घट्ट धरून बसतं, विजेला वाट देत नाही. बी भिजवली की ते मोकळं होतं. आत्या त्या वाटीत दोन तारा सोडून काटा बघत बसायची. जिवंत बी आधी थोडे क्षार सोडते, मग सावरते आणि काटा थांबतो. मेलेल्या बीतून क्षार झिरपतच राहतात आणि काटा चढत जातो.

बाबा तिचे धाकटे भाऊ. तरुणपण खर्ची घालून त्यांनी कमी पाण्यावर येणारा एक घेवडा तयार केला होता. रोगाने मळा गेला, उरल्या बरणीतल्या मूठभर बिया. बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा बरणी उशाशी आली. करमेना की झाकण उघडायचं, बियांवरून बोटं फिरवायची, वास घ्यायचा. दर वेळी दमट हवा आत जात होती, आणि आमच्या कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

आत्या भेटायला आली, बरणीत बोट घातलं आणि तिचा चेहरा उतरला. कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात, ते इथे खरोखरच मुरलं होतं. एरवी भावाला फैलावर घेणारी बाई, तिने नुसतं झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन आली. स्वयंपाकघरात तिने प्रत्येक बी वेगळ्या वाटीत भिजवली आणि संध्याकाळी एकेका वाटीत तारा सोडल्या. मी शेजारी उभी होते. एकाही वाटीत काटा थांबला नाही.

आतून बाबांनी विचारलं, "ताई, चढला का गं काटा?"

तिच्या कामात त्यांनी कधी लक्ष घातलं नव्हतं. वेल चढतो, भाव चढतो, चढलं म्हणजे चांगलंच, एवढंच त्यांना ठाऊक. आत्याने पदराने तोंड पुसलं.

"चढला रे."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

बाबा कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, मग कुंडीत लावा आणि इथे खिडकीत ठेवा, कोंब मला दिसू दे.

आत्याने त्या बिया पेरल्या. ती रोज येऊन कुंडीला पाणी घालते. बाबा मातीकडे टक लावून पडलेले असतात, कालपासून जेवणही तिकडे बघतच. त्यांना कळायच्या आत ते जावेत, असं मला वाटतं. माझे वडील आहेत ते.