राधाच्या हातची पेज

सुखदेव ओव्हाळ तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण घरात गंडा, दोरा, ताईत असलं काही दिसलं की त्याचं डोकं फिरायचं. प्रज्ञेशचं नाव ठेवलं त्या दिवशी राधाच्या आईनं हळूच नातवाच्या मनगटात काळा दोरा बांधला होता. सुखदेव कामावरून आला, खांद्यावरच्या पिशवीतून पक्कड काढली आणि सासूच्या डोळ्यांदेखत तो दोरा कापून टाकला.

"अहो, पोराला नजर लागंल की," सासू म्हणाली.

"लागू दे. ज्याची लागेल त्याला चष्मा करून देऊ," सुखदेव म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. सासू पुढं दोन वर्षं त्या घरी मुक्कामाला आली नाही. सुखदेवला त्याचंही फारसं दुःख झालं नाही.

हे त्याच्यात आलं होतं बापाकडून. बापानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा ही माणसं मांजरी गावात राहत होती. बापानं घरातले सगळे देव पाटीत भरले आणि नदीला नेऊन सोडले. लहानगा सुखदेव मागून चालत होता. संध्याकाळी आई जेवेना. बाप तिच्याशेजारी बसून एवढंच म्हणाला, "आता आपलं आपण बघायचं." सुखदेवनं ते वाक्य आयुष्यभर सांभाळलं. राधाच्या माहेरीही दीक्षा झाली होती, पण तिच्या आईनं मरीआईचा टाक ज्वारीच्या कणगीत दडवून ठेवला होता आणि ते राधाला लहानपणापासून ठाऊक होतं. लग्नानंतर तिनं नवऱ्याचा धम्म मनापासून पाळला. विहारात वंदना म्हणताना तिचा आवाज सगळ्या बायकांच्या वर असायचा. पण कणगीत हात घालताना लागणारी लहानपणची धास्ती कुठं जाते? ती आत कुठंतरी होतीच.

सुखदेव टेलिफोन खात्यात केबल जोडायचं काम करायचा. रस्त्यातल्या खड्ड्यात उतरायचं, शेकडो तारा रंगांनी ओळखायच्या आणि एकेक जोडत बसायचं. फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं तो काळ. कर्वेनगरात खड्ड्यात उतरला की बंगल्यांतली माणसं स्वतः चहा घेऊन यायची. "आमचा फोन कधी लागणार हो?" "नंबर लावलाय ना? मग नातवाला विचारा," सुखदेव खड्ड्यातूनच सांगायचा, आणि चहा मात्र पूर्ण प्यायचा. मग काळ बदलला. फोन मागितल्या आठवड्यात मिळायला लागला, पाठोपाठ मोबाईल आले, आणि खड्ड्याशी चहा येणं बंद झालं. तोवर तो निवृत्त झाला, प्रज्ञेश सॉफ्टवेअर कंपनीत लागला, सून शर्मिलाही हिंजवडीला कामाला जाऊ लागली, आणि सगळ्यांनी मिळून वारज्यात फ्लॅट घेतला. प्रज्ञेशची रात्रपाळी असायची, अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणं. "आम्ही जमिनीत वाकून तारा जोडल्या, आणि हा त्याच तारांवरून रात्रभर गोऱ्यांची बोलणी खातो," सुखदेव म्हणायचा. पण सोसायटीत कुणी विचारलं की मुलाच्या कंपनीचं नाव अगदी स्पष्ट उच्चारून सांगायचा.

आणि अशा सुखात भाकरी घशाशी अडायला लागली. आधी तो घासामागं पाणी प्यायचा, मग भाकरी आमटीत कुस्करायला लागला. राधाला वाटलं, दात गेले. तपासलं तर अन्ननलिकेचा कॅन्सर. शेक झाले, इंजेक्शनं झाली, केस गेले, मांस गेलं आणि रोग मात्र जागच्या जागी राहून वर यकृतातही गेला. डॉक्टर प्रज्ञेशला बाहेर नेऊन बोलायला लागले तेव्हा सुखदेवनं त्यांना थांबवलं. "डॉक्टरसाहेब, कॅन्सर मला झालाय. सांगायचं ते मला सांगा." डॉक्टरांनी सांगितलं. आता बरं होणं नाही, होईल तेवढा त्रास कमी करायचा. गिळणं बंदच झालं होतं, म्हणून नाकातून पोटापर्यंत नळी घातली आणि घरी पाठवलं.

त्या दिवसापासून राधाचा सगळा जीव त्या नळीत अडकला. तांदूळ, मूगडाळ, गाजर शिजवायचं, मिक्सरमधून काढायचं, दोनदा गाळायचं, कोमट करायचं आणि मोठ्या सिरिंजनं हळूहळू नळीत सोडायचं. थोड्या थोड्या वेळानं पुन्हा तेच. सुखदेव दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. नर्स ठेवू म्हणून प्रज्ञेशनं सुचवलं तर त्यानं मानेनंच नाही म्हटलं. पेज पोटात गेली की घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "मीठ जरा जास्त झालं." जिभेला काही लागतच नव्हतं, तर मीठ कुठलं? राधा हसायची आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

शेजारच्या द्वारकाबाई यवतमाळकडच्या. मुलाच्या नोकरीपायी इकडं आलेल्या, मनानं फार चांगल्या. राधा दवाखान्यात असली की यांच्या घरचं दूध त्याच तापवून ठेवायच्या. एके सकाळी त्यांनी राधाच्या हातात कागदाची पुडी ठेवली.

"आमच्याकडच्या मठातला अंगारा हाये. माह्या नणदेच्या नवऱ्याले अस्साच रोग होता, त्यानं पाच-सहा वर्सं काढले. चिमूटभर टाकून पाहा ना बाई, काय जाते?"

"आमच्यात चालत नाही हो," राधा म्हणाली. पण पुडी परत केली नाही. पदराच्या टोकाला बांधली. दोन दिवस ती गाठ तिला जड लागत राहिली. तिसऱ्या दिवशी सुखदेवला पोटात इतकं दुखलं की त्यानं उशीचा कोपरा दातांत धरला. त्या दुपारी राधानं गाठ सोडली. काय जातंय, असं तिनंही मनाशी म्हटलं. चिमूट पेजेत पडली आणि नळीतून पोटात गेली. योगायोग असा की त्या दिवशी तो शांत झोपला. मग काय, रोजचंच सुरू झालं. पाच वर्षं नकोत, पुढची दिवाळी मिळाली तरी पुरे, असा हिशेब भोळी राधा करत होती.

पण सुखदेवचे डोळे अजून शाबूत होते. जन्मभर तारांचे रंग पारखलेले डोळे ते. एके सकाळी राधा सिरिंज भरत असताना त्यानं हात वर केला. "थांब. हे करडं काय?"

"मिरपूड," राधाच्या तोंडून निघून गेलं.

"मिरपूड वर तरंगते. हे तळाला बसलंय."

राधाला खोटं नीट बोलता येत नसे. तिनं वाटी खाली ठेवली. "अंगारा आहे. द्वारकाबाईंनी दिला."

"आज पहिल्यांदाच?"

"नाही हो. पंधरवडा झाला."

सुखदेव ओरडला असता तर बरं झालं असतं. आवाज नसला तरी माणूस डोळ्यांनी ओरडतो. त्यानं तेही केलं नाही. तोंड भिंतीकडं वळवलं आणि म्हणाला, "शर्मिलाला बोलव. ती घालेल."

शर्मिला कंपनीच्या बससाठी निघाली होती. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून सासऱ्याजवळ बसली. राधानं पेज पुन्हा नव्यानं केली आणि शर्मिलानं ती नळीत सोडली. दुपारी प्रज्ञेशला झोपेतून उठवलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. राधानं रांधायचं, गाळायचं आणि वाटी दारापर्यंत नेऊन दुसऱ्याच्या हातात द्यायची. तीस वर्षांत हा माणूस तिच्यावर कितीदा तरी रागावला होता, पण तिच्या हातचं कधी टाकलं नव्हतं. आता त्याचे मोजके दिवस उरलेले, आणि तो असाच तोंड फिरवून गेला तर? राधा ओट्याशी उभी राहून पदराचा बोळा तोंडाशी धरायची. मेलेलं बरं, असं तिला वाटायचं.

शेवटी प्रज्ञेशनं खोदून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं.

"आई, सीरियसली? चिमूटभर राखेसाठी एवढं?" तो तडक बाहेरच्या खोलीत गेला. "पप्पा, घाबरून केलं तिनं. अंगारा विषारी थोडाच असतो? सोडून द्या ना."

राधा आत ओट्याशी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. सुखदेवला एवढं बोलायला बराच वेळ लागला. मध्ये मध्ये तो दम खात होता.

"राखेचं नाही रे. मला गिळता येत नाही. चव कळत नाही. थुंकता येत नाही. जे घालाल ते आत जातं. म्हणून मी नर्स नको म्हटलं. म्हटलं, राधा आहे. मी नको म्हणेन ते ती घालणार नाही." मग म्हणाला, "माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं."

प्रज्ञेश उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. राधा मात्र तिथंच खाली बसली. तिला वाटत आलं होतं की तिनं त्याचा धर्म मोडला. तिनं मोडलं होतं ते दुसरंच, आणि ते तिला आत्ता कळलं.

ती उठली, पुडीत उरलेला अंगारा घेऊन शेजारी गेली. "ताई, हे ठेवा तुमच्याकडे."

द्वारकाबाईंचा चेहरा पडला. "मी तं चांगल्यासाठीच देल्ला होता."

"माहीत आहे मला. चूक माझी झाली. मी त्यांना विचारलं नाही." द्वारकाबाईंनी पुडी घेतली आणि राधाचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

सुखदेव पूर्वी कामावरच्या गोष्टी घरी सांगायचा. त्यांच्या खात्यात एक रीत होती. खड्ड्यातला जोड पूर्ण झाला तरी झाकायचा नाही. उघडा ठेवायचा, साहेबानं वाकून बघायचा, आणि मगच वरचं आवरण चढवायचं. झाकल्यावर आत काय आहे ते कुणाला दिसणार? राधाला हे एकदम आठवलं. दुसऱ्या सकाळी तिनं ताटात मूठभर तांदूळ, तेवढी मूगडाळ, एक गाजर आणि मिठाची चिमूट मांडली, आणि ते ताट सुखदेवच्या उशाशी घेऊन गेली.

"हे बघा. एवढंच आहे. आता शिजवते."

त्यानं बघितलं. पेज शर्मिलानंच घातली. दुपारी राधा पुन्हा ताट घेऊन गेली. संध्याकाळी पुन्हा. शर्मिलाला वाटलं, सासूबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुखदेवनं ताटाकडं बघून भुवया वर केल्या. "मीठ कुठाय?"

"अगंबाई, राहिलं," राधा म्हणाली आणि पळत जाऊन आणलं. परत आली तेव्हा त्यानं शर्मिलाला हातानं खुणावलं, जा, बस चुकेल तुझी. शर्मिलानं सिरिंज सासूच्या हातात दिली. राधानं पेज शिजवून आणली आणि घाईघाईत पहिली वाटी अर्धी सांडली.

मग रोजचा नेम झाला. ताट आधी, पेज मागून. ताकाचा पेला आणला तरी ती आधी त्याला दाखवायची. तो कधी मान हलवायचा, कधी एखादा जिन्नस बोटानं बाजूला करायचा. गाजर नको असलं की गाजर नको. राधा ते लगेच उचलायची. त्याचं अंग आता चादरीखाली ओळखू येत नव्हतं, पण ताट बघताना तो पुन्हा थोडासा पूर्वीचा सुखदेव दिसायचा. राधाला तेवढंही पुष्कळ वाटायचं.

दिवाळी आली नाहीच. पाऊस सरता सरता एका सकाळी राधा ताट घेऊन त्याच्याजवळ गेली. त्यानं डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं, ताटाकडं नाही.

"दाखवू नकोस आता. घाल."

राधाला आनंद झाला की धसका बसला ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं पेज केली, घातली. थोड्या वेळात सगळी उलटून आली. दुपारची डाळही आली. घरी येणारे डॉक्टर संध्याकाळी पोट दाबून बघून म्हणाले, "आता नळीतून काही घालू नका, काकू. शरीर घेत नाहीये. ओठ ओले करत राहा."

"अहो, आजच तर घाल म्हणाले ते," राधा डॉक्टरांना म्हणाली. डॉक्टरांना त्यातलं काय कळणार? त्यांना वाटलं, बाईंना उपाशी ठेवण्याचं दुःख होतंय. त्यांनी पुन्हा शांतपणे समजावून सांगितलं आणि ते गेले. ज्या विश्वासासाठी ती रोज ताट मांडत आली होती, तो मिळाला त्याच दिवशी चूल थंड झाली. राधा त्या दिवशी कुणावर तरी फार रागावली होती, पण रागावायला तिच्या घरात देवही नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी राधा चमच्यानं त्याच्या ओठांवर पाणी सोडत होती. त्यानं चमच्याकडं पाहिलं नाही. तिच्याकडं पाहत राहिला आणि ओठ किंचित उघडले. पाणी आत गेलं. थोड्या वेळानं श्वास थांबला. विहारातली माणसं जमली, त्रिसरण, पंचशील झालं. राधाचा नेहमी सगळ्यांच्या वर असणारा आवाज त्या दिवशी कुणाला ऐकू आला नाही.

सगळं आटोपून पुरुष माणसं परत आल्यावर सुखदेवची थोरली बहीण यमुनाबाई राधाजवळ येऊन बसल्या. कोणत्याही घरी विचारतात तेच त्यांनी विचारलं.

"शेवटी काय घेतलं गं त्यानं?"

"पाणी."

"कुणाच्या हातचं?"

"माझ्या. न बघता घेतलं."

यमुनाबाईंना वाटलं, शुद्ध हरपली असेल. "बिचारा," त्या म्हणाल्या. "शेवटी कसली शुद्ध असणार!"

"शुद्धीत होते ते, वन्सं. चांगले शुद्धीत होते," राधा म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिला मोठ्यानं रडू आलं.