स्टेअरिंग बॉक्समधलं ग्रीस मी भरलं होतं

हमीद उस्तादचा उजवा हात लोखंडी पान्यानं मोडला, तेव्हा मी समोरच्या टपरीवर चहा पीत उभा होतो.

मोडायला पाहिजे होता माझा.

उस्ताद परवा गेले. छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत संपलं. काल माती झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या लूम्सच्या मधोमध त्यांचं गॅरेज होतं. फक्त जुन्या गाड्या. हात पुसायला डागी टॉवेलचे तुकडे. लूमच्या खडखडाटात सगळे ओरडूनच बोलायचे, आणि उस्ताद शिवी दिल्याशिवाय पाणीसुद्धा मागायचे नाहीत.

एकदा त्यांनी मला हातोडी फेकून मारली. नेम चुकला. म्हणाले, "नसीबवाला है तू. चष्मा घर पे रह गया मेरा."

मी तेव्हा मैंदर्गीच्या अण्णांची क्रीम कलरची अँबॅसिडर चालवायचो. वरातीची गाडी. बॉनेटवर झेंडू, मागं नवरदेव. दहावी नापास माणसाला याच्यापेक्षा भारी नोकरी कुठली? एका सीझनला मी एवढे गुलाबजाम खाल्ले की अजून वास आला तरी मळमळतं.

असो.

त्या गाडीचा स्टेअरिंग बॉक्स खालून गळायचा. जुनी गाडी, पॉवर स्टेअरिंग वगैरे नाही. चाकं वळवणारे दाते एका बंद डब्यात फिरतात आणि त्या डब्यात गिअर ऑइल लागतं. दर पंधरा दिवसांनी उस्ताद वरचा बोल्ट काढून नव्वद नंबरचं तेल भरायचे.

अण्णांच्या नव्या फरशीवर काळे डाग पडायचे. अण्णा मला आयमायवरून बोलायचे.

मी उस्तादला म्हणालो, "ग्रीस भरू की. गळायचं तरी बंद होईल."

"ग्रीस नको रे! तेल दातों में फिरता. ग्रीस कोने में जाके बैठता, जवाई के सरीखा. दाते सूखे घिसते. फिर एक दिन अटकता."

"लोक भरतात की, उस्ताद."

"लोगां मरते भी की."

एप्रिलमध्ये मित्रांचा फोन आला, हंपीला चल. मी हंपी बघितलं नव्हतं. डोकं तिकडंच लागलं. पण मी नसताना दर पंधरा दिवसांनी गाडी सोलापूरला कोण नेणार?

मी ग्रीसगन लावली आणि डबा काठोकाठ भरला.

चावी अण्णांच्या पोराला, बसूला दिली. म्हणालो, "उस्तादनं काम करून दिलंय. दोन महिने बघायची गरज नाही."

हे वाक्य मी बोललो. उस्तादनं केलंय, असं.

हंपीवरून गोकर्ण, तिथनं आणि कुठं कुठं. माझं असंच असतं. सव्वा महिन्यानं परत आलो.

मी यायच्या आदल्या दिवशी, भर वरातीत, वळणावर स्टेअरिंग अटकलं. गाडी थेट लिंबाच्या झाडावर. नवरदेवाच्या कपाळाला टाके. बसूचं तोंड स्टेअरिंगवर आपटलं. समोरचे चार दात गेले, ओठ फाटून हनुवटीवर लोंबत होता म्हणे.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. सकाळी बसमधून उतरलो आणि उस्तादला भेटायचं म्हणून गॅरेजसमोर चहा सांगितला. तेवढ्यात टेम्पो आला. वर चेपलेली अँबॅसिडर, खाली अण्णा आणि दोन पुतणे.

उस्तादनं डबा उघडला. बोटावर ग्रीस घेतलं.

"ये मेरा काम नहीं, अण्णा."

"तुजं न्हाय? तूच केलंस म्हून सांगितलंय की पोराला!"

"कौन बोला?"

त्याला उत्तर म्हणून पाना आला. पहिला खांद्यावर. दुसरा मनगटावर. लूम्स चालू असल्या की हाड मोडल्याचा आवाज येत नाही. मी फक्त हात बघितला. जिथं सांधा नाही, तिथं तो वाकला होता.

पडता पडता उस्तादनं रस्त्यापलीकडं बघितलं. मला बघितलं. कोण बोललं ते त्यांना कळलं, हे मला दिसलं.

त्यांनी नाव घेतलं नाही. मग तोंडावर लाथ बसली.

मी ग्लास ठेवला आणि निघून गेलो. पळालो नाही. चालत गेलो. हे जास्त वाईट आहे.

चार दिवसांनी दवाखान्यात गेलो. त्यांनी डाव्या हातानं अशी वाजवली की दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती.

"हाथ का जाने दे रे. लोगां बोलते, हमीद ने खराब गाडी दिया. जा, अण्णा को बोल."

"जीव घेतील माझा."

"हौ, लेंगे. जा तू."

गेलो नाही. अकलूजला उसाचा ट्रॅक्टर चालवला, मग पुणे, मग काय काय. तीन वर्षं. इकडं उस्तादचं गिऱ्हाईक तुटलं. वाकड्या हातात पाना टिकेना. शेवटी शटर ओढलं.

आज सकाळी मैंदर्गीला गेलो. अण्णा ओट्यावर बसले होते. सांगितलं.

"एन हेळती?" काय बोलतोस, म्हणून त्यांनी परत एकदा सांगायला लावलं.

मग चप्पल. मग लाथा. मग माझे केस धरून डोकं ओट्याच्या दगडावर. शेवटी बसूनंच त्यांना मागं ओढलं, नाहीतर हे लिहायला मी नसतो. तीन टाके पडलेत.

अण्णा धापा टाकत खाली बसले. म्हणाले,

"मग म्या कुनाला मारलं रे?"

उद्या मी आणि अण्णा उस्तादच्या घरी जाणार आहोत. त्यांचे दोन मुलगे आहेत, दोघंही बापासारखेच दांडगे. त्यांना अजून काही माहीत नाही. ही पोस्ट वाचून कळलं तर कळू दे. आम्ही दार वाजवू, पुढचं ते ठरवतील.

ज्यांनी तीन वर्षं त्या गॅरेजकडं पाठ फिरवली, त्यांनी एवढं वाचा. उस्तादचं काम चोख होतं. खोटं मी बोललो.

सलाम, हमीद उस्ताद. तुम्ही जिवंत असताना सांगायला पाहिजे होतं.