खाली आहे

भरवेलीचं ते प्रकरण आठवलं, की आजही माझ्या उजव्या हाताचं बोट चटका बसल्यासारखं आखडतं.

मी हिंदी मुलखातल्या बालाघाटला नवी उपनिरीक्षक होते. वर्दीला होती त्याहून जास्त कांजी डोक्यात.

भरवेलीच्या खाणीच्या कॉलनीतून खबर आली: धाकट्या भावानं थोरल्यावर गोळी झाडली. थोरला माजी सैनिक, खाणीवर पहारेकरी; पिस्तूल त्याचंच, परवान्याचं. तो इस्पितळात बेशुद्ध. शेजाऱ्यानं वर हेही पुरवलं, की सकाळीच दोघं भांडले होते. मी मनातल्या मनात खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावून मोकळी!

धाकटा हात जोडून सांगत होता, "भाईनं साफ करायले काढलं होतं, मॅडम. मी उचलून भाभीले विचारलं, गोली? भाभी बोली, खाली है. मजाकमध्ये भाईवर धरलं."

वहिनीचं माहेर तुमसरकडचं. म्हणून मी मराठीतच दरडावलं, "पिस्तूल रिकामं आहे, असं तुम्ही म्हणालात?"

"मी काहून म्हणीन रिकामं? पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते."

दीर खोटारडा ठरला. त्यात मॅगझिन खाटेखालच्या पेटीत सापडलेलं. म्हणजे गोळी त्यानं मुद्दाम भरली असणार, हा माझा शोध.

शस्त्राच्या अहवालासाठी शस्त्रागारातल्या जुन्या हवालदारांनी त्याच बनावटीचं सरकारी पिस्तूल आणलं. मी तज्ज्ञासारखी बोलू लागले. मूठ तळव्यात नेमकी बसते, मॅगझिन सोडायचं बटन अंगठ्याखाली येतं, चाप हलका. रुबाबात स्लाइड ओढून सोडली, मग मॅगझिन काढून टेबलावर आपटलं.

"झालं. आता हे खेळणं." आणि बोट चापावर.

हवालदारांनी माझं मनगट असं धरलं की घड्याळ रुतलं. "बाई, बोट काढा आधी!"

त्यांनी स्लाइड ओढली. एक जिवंत गोळी टणकन टेबलावर पडली आणि घरंगळत माझ्या चहाच्या कपाला टेकली. नळीसमोर प्लायवूडची भिंत होती. भिंतीपलीकडे ठाण्याचे लेखनिक मुन्शीजी खोकत होते.

"स्लाइड ओढली की एक गोळी नळीत चढते. मॅगझिन काढलं तरी ती तिथंच राह्यते," हवालदार म्हणाले. "बाहेरून दिसत नाही, हीच याची खोट."

तेवढ्यात ठाण्याच्या दारावर आवाज चढले. वहिनी कोठडीतल्या दिराचं जेवण घेऊन आली होती.

"डब्बा किधर है?" शिपायानं विचारलं.

"खाली हाय."

"खाली लायी, तो खिलाएगी क्या?"

"अजी, खाली हाय! पायऱ्यांखाली, सायकलले टांगला हाय!"

मी खुर्चीवरून उठलेच. "बाई, त्या दिवशी तुम्ही नेमकं काय म्हणालात?"

"त्यानं गोळ्या विचारल्या. मी म्हटलं, खाली हाय. पेटीत."

'रिकामं' हा शब्द तिच्या तोंडी मीच घातला होता. माझ्या शुद्ध मराठीच्या तोऱ्यात एक पोरगा तुरुंगात सडला असता.

चौथ्या दिवशी थोरला शुद्धीवर आला. "मॅगझिन काढलं, नळी पाहाची राहून गेली," तो पुटपुटला. "माझ्या भावाले सोडा." कलम बदललं, निष्काळजीपणाचं लागलं.

पुढे नोकरीभर माणूस बोलला तस्साच जबाब लिहिला, माझा शब्द घातला नाही. आणि आता नात स्वयंपाकघरातून ओरडते, "आजी, लड्डू का डब्बा खाली है!" तेव्हा मी आधी वाकून ओट्याखाली बघते. डबा वरच सापडला तर झाकण काढून आत बोट फिरवते.

परवा एक लाडू निघाला.