चहानंतरचं रिकामं मैदान

चहाची सुट्टी संपली तरी मैदानावर फक्त दोन फलंदाज आणि दोन पंच उभे होते. आमच्या कारखान्याची टीम मांडवातून उठत नव्हती, आणि कडेला बसलेल्या मलाही त्यांनी उठावं असं वाटत नव्हतं.

चहाआधी मुख्य पंचांनी चेंडू उलटसुलट फिरवून पाहिला. एक बाजू खरवडलेली दिसली. लगेच चेंडू मुद्दाम खराब केला म्हणून त्यांनी पाच धावांचा दंड ठोकला. या मैदानाला लागून खडीचा रस्ता आहे आणि प्रत्येक चौकार त्या खडीवर आपटतो. कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. पण त्यांनी चेंडूकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलंच नाही.

कॅप्टन शिवा गुडघ्यावर टोपी ठेवून बसला होता. "दंड राहू दे," तो म्हणाला. "आम्हाला लबाड ठरवलंय, तेवढं मागे घ्या म्हणावं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती याचीच. आरोप करायला एक क्षण पुरतो, मग समोरच्याने आयुष्यभराचा चांगुलपणा पुरावा म्हणून काढून दाखवायचा.

थोड्या वेळाने, टीम खेळायला येत नाही म्हणजे तिने सामना सोडला असं धरून, पंचांनी स्टंपांवरच्या बेल्स उचलल्या. सामना आम्ही हरलो.

सकाळी याच शिवाने एक झेल घेतला होता. फलंदाज निघालाही होता. चेंडू आधी जमिनीला लागला, हे शिवानेच सांगितलं आणि याच पंचांनी फलंदाजाला परत बोलावलं. तेव्हा त्यांना शिवाचा शब्द पुरला, कारण त्यात नुकसान शिवाचंच होतं.