मठपतीबाईंचं अक्षर

मे महिन्यात आमच्या शाळेला कुलूप असायचं, आणि तरीही व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज नवा सुविचार असायचा. सोलापूरच्या उन्हात कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. अशा उन्हात मठपतीबाई बाळीवेशीतून काळी छत्री घेऊन चालत यायच्या, शिपाई सिद्रामकडून फाटक उघडून घ्यायच्या, ओल्या फडक्यानं फळा पुसायच्या आणि वार, तारीख, तिथी, सुविचार असं सगळं लिहून आल्या वाटेनं परत जायच्या. वाचायला कोण? एकटा सिद्राम, आणि त्याला वाचता येत नव्हतं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते सुट्टीत माझे विसरलेले ब्रश न्यायला गेलो होतो तेव्हा. "बाई, कुणासाठी लिहिता?" मी विचारलं. त्यांनी हातातली वेलांटी पुरी केली आणि मगच मागं पाहिलं. "खोलीवर नुसती भिंत असती हो, गुरव सर. भिंतीवर लिहिलं तर मालक ओरडतो. इथं फळा आहे की." मी हसलो. त्या हसल्या नाहीत, खडूचा तुकडा डबीत ठेवून छत्री उघडून निघून गेल्या.

मी त्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. इतर शाळांत फळा लिहायचं काम चित्रकलेच्या मास्तराच्याच गळ्यात पडतं. आमच्याकडे ते मी येण्याआधीपासून बाईंकडे होतं. एक काम वाचलं म्हणून बरं वाटायचं आणि आपल्याला कुणी विचारलंही नाही म्हणून थोडं झोंबायचंही. पण अक्षर पाहिलं की तक्रारीला जागा उरायची नाही. असं वळण मी पुढं कुठं पाहिलं नाही. विशेष म्हणजे बाईंची घरची भाषा कानडी. मराठी त्या शाळेत शिकल्या, आणि आमच्या भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या पोरांना पाचवी ते सातवी तेच मराठी गिरवायला लावायच्या. "खडू मोडला तरी चालेल, काना मोडायचा नाही," हे त्यांचं वाक्य शेजारच्या वर्गात मला दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. एकदा खुद्द हेडमास्तरांची सूचना त्यांनी बोर्डावरून काढली, नव्यानं लिहिली आणि परत लावली. हेडमास्तर म्हणाले, "बाई, मजकूर तोच आहे ना?" बाई म्हणाल्या, "मजकूर तोच. आता वाचावासा वाटतो."

बुटकी मूर्ती, इरकली साडी, कपाळावर विभूती. लग्न लहानपणीच अक्कलकोटकडच्या एका घरात झालं होतं आणि लहानपणीच मोडलं होतं. कुणी खोदून विचारलं तर त्या "इरली" म्हणायच्या. कानडीत 'असू दे' म्हणायचं झालं तर इरली. बाईंच्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टींवर हा एकच शेरा होता. मधल्या सुट्टीत आम्ही स्टाफरूममध्ये गोंगाट करत डबे खायचो, त्या खिडकीकडे तोंड करून कडक भाकरी मोडत बसायच्या. ये म्हटलं तर आल्या असत्या, असं आता वाटतं. तेव्हा कुणी म्हटलं नाही.

एका वर्षी संस्थेनं नवी इमारत काढली आणि हात आखडला. एप्रिलच्या अखेरीस हेडमास्तर स्टाफरूममध्ये आले. आमच्यातल्या नऊ जणांनी राजीनामे द्यायचे, जूनमध्ये सगळ्यांना परत घेऊ, मधला सुट्टीचा पगार तेवढा वाचेल. "नुसती कागदोपत्री गोष्ट आहे," ते म्हणाले. नोकरी हवी तर नाही म्हणायची सोय नव्हती. मजकूर संस्थेच्या सेक्रेटरींनीच पाठवला होता, 'घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.' नऊ कागद सुवाच्य अक्षरात हवे होते. हेडमास्तरांनी आधी मला विचारलं. मला दुपारच्या एस.टी.नं बार्शीला बहिणीकडे जायचं होतं. मी म्हणालो, "सर, अक्षर म्हणाल तर मठपतीबाईंचं. माझं कशाला?"

बाईंनी दुपारभर बसून नऊ राजीनामे लिहिले. समास सोडून, शाईचा एक ठिपका न पाडता. आठ आमचे आणि नववा स्वतःचा. मी निघण्याआधी कोऱ्या कागदाच्या तळाशी सही करून ठेवली होती, बाकीच्यांनी नंतर न वाचता केल्या. कागदोपत्री आता आम्ही शाळेचे कुणी नव्हतो. त्या मे महिन्यातही बाई रोज येऊन फळा लिहीत होत्या, हे मला सिद्रामनं जूनमध्ये सांगितलं.

पुढं सत्तरच्या दशकात सरकारनं खाजगी शाळांतल्या शिक्षकांच्या पेन्शनचे नियम बदलायचे ठरवले. मसुद्याचं परिपत्रक शाळेत आलं तेव्हा आधी आनंदच झाला. मग कुणीतरी खालचं कलम वाचलं. ज्यानं मध्ये राजीनामा दिला असेल, त्याची राजीनाम्याआधीची नोकरी पेन्शनसाठी धरायची नाही. माझी राजीनाम्याआधीची नोकरी अवघी तीन वर्षांची. बाईंची मात्र जवळजवळ सगळी हयात त्या कागदाच्या आधीची होती, आणि निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. उरलेली नोकरी पेन्शनला पुरतच नव्हती. पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कवायतीचे शिंदे सर मोठ्यानं म्हणाले, "संस्थेनं मागितला, हे खरं. पण लिवलं कुणी? 'स्वखुशीने' हा शबूद कुणाच्या हातचा हाय?" सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाईंनी अर्धी भाकरी डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

त्या दिवसापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची रीत पडली. ते लिहायचं काम आधी माझ्याकडे आलं होतं, हे मी एका शब्दानं तरी सांगू शकलो असतो. मी तोंडात गुळणी धरून बसलो.

बाई मात्र दर रविवारी एस.टी.त बसू लागल्या. असे राजीनामे आमच्याच शाळेत नाही, जिल्ह्यात जागोजाग घेतले गेले होते. बाईंनी निवेदन लिहिलं, सक्तीनं घेतलेले राजीनामे चौकशी करून रद्द धरावेत. आणि ते निवेदन घेऊन त्या गावोगावच्या शिक्षकांच्या सह्या गोळा करू लागल्या. एकदा मीही बरोबर सांगोल्याला गेलो. मनाला टोचत होतं म्हणून गेलो, दुसरं काही नाही. तिथं पाण्याच्या टँकरभोवती घागरींची रांग, आणि त्या रांगेत दोन घागरी घेऊन एक म्हातारे मास्तर उभे. बाईंनी कागद पुढं केला. मास्तरांनी सहीसाठी हात पुढं केला तसा बाईंनी कागद मागं घेतला.

"आधी वाचा. मोठ्यानं वाचा."

"बाई, आमी मास्तर हाय. आमाला वाचाय लावता व्हय?"

"मास्तर होतो म्हणूनच आम्ही न वाचता सही केली," बाई म्हणाल्या. "मी तर स्वतःच लिहिलं आणि स्वतःच वाचलं नाही. नुसतं वळण बघत बसले."

मास्तरांनी घागर खाली ठेवली आणि रांगेतल्या बायांदेखत निवेदन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. जिल्हाभर प्रत्येक सही बाईंनी अशीच घेतली. म्हणून सह्या कमी झाल्या आणि वेळ फार गेला. सोलापुरात शिक्षकांची सभा भरली तेव्हा त्या निवेदनाला टाळ्या पडल्या. बाई तिसऱ्या रांगेत होत्या, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या होत्या. मी मागं उभा होतो. सभा संपेपर्यंत तिथंच उभा राहिलो.

निवेदन पुण्या-मुंबईला फिरलं आणि मागणी मान्य झाली. ज्या शाळांत संशय असेल तिथं शिक्षणाधिकाऱ्यांनी राजीनाम्यांची चौकशी करावी, असं ठरलं. आमच्या चौकशीच्या दिवशी आम्ही नऊ जण जिल्हा परिषदेच्या आवारात लिंबाखाली उभे होतो. शिंदे सर आता नरमले होते. ते हळूच बाईंजवळ गेले. "बाई, एक सांगू का? अक्षर आपल्या अण्णा कारकुनाचं हाय म्हणा. अण्णा गेला बिचारा, त्याला कोण विचारतंय? तुमी लिवलं म्हणालात तर आमचे सुटतील, पन तुमचा कागद तुमच्याच हातचा ठरंल की."

खरं लिहिणारं नाव सांगितलं तर बाईंचाच कागद अडकणार, हे आम्हाला सगळ्यांना आधीच कळलं होतं, आणि बाईंनाही. बाईंनी पदराचं टोक चाचपलं. "माझं अक्षर मेलेल्या माणसाच्या नावावर घालू? माझ्यापाशी दुसरं आहे काय, शिंदे सर?"

शिक्षणाधिकारी साहेबांनी नऊ राजीनामे टेबलावर ओळीनं मांडले. सभ्य गृहस्थ होते. चष्मा काढून म्हणाले, "हे राजीनामे आहेत की शुद्धलेखनाचा पेपर? नऊ घरांत एकाच दिवशी एकच अडचण, आणि तीही एकाच हातानं लिहिलेली. हे कुणी लिहिलं?"

"मी," बाई म्हणाल्या. उभ्या राहून म्हणाल्या, वर्गात हजेरी द्यावी तशा.

आठ कागद उजवीकडे गेले. नववा साहेबांनी बराच वेळ हातात धरला. "बाई, हा तुमच्याच हातचा आणि सहीही तुमची. ह्याला सक्ती कशी म्हणू? त्या सुट्टीत तुम्ही शाळेचं काम करत होता, असं दाखवणारं काही आहे का?"

आमच्याबरोबर आलेला सिद्राम दाराशी बसला होता, तो उठला. "हाय की सायेब! बाई रोज येत व्हत्या. फळा लिवायच्या. म्या फाटक उगडायचो."

"काय लिहायच्या?"

"ते मला कसं कळावं? पन लई झ्याक लिवायच्या."

"त्याची कुठं नोंद?"

सिद्रामनं बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "खडूनं लिहिलं होतं, साहेब. दुसऱ्या दिवशी मीच पुसायची." साहेबांनी मान खाली घातली आणि तो कागद डावीकडे ठेवला.

आठ जणांचे राजीनामे रद्द धरल्याचे हुकूम आले. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले, बाईंनाही दिला, त्यांनी तो खाल्लाही. पुढच्याच उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. फंडाची किरकोळ रक्कम, शाल, नारळ, आणि शिंदे सरांचं भाषण. पुढं बाळीवेशीतल्या त्या खोलीत त्या चार घरच्या पोरांच्या शिकवण्या घेत राहिल्या. एके वर्षी थंडीत गेल्या. मला तीन दिवसांनी कळलं, तेही बाजारात, सिद्रामकडून. "कोन न्हवतं वो जवळ," तो म्हणाला आणि पिशवी उचलून चालू लागला.

पण मला सांगायचं आहे ते निरोपाच्या दिवसाचं. त्या संध्याकाळी मी त्यांना सोडायला बाळीवेशीपर्यंत गेलो. त्यांच्या हातात छत्री, माझ्या हातात त्यांचा नारळ. गिरणीचा भोंगा होऊन रस्ता माणसांनी भरला होता. माझ्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता. ते कागद मी लिहिले असते, तर बाई सुटल्या असत्या आणि अडकलो असतो मी. माझी जाऊन जाऊन तीन वर्षं गेली असती. त्यांच्या दाराशी आल्यावर मी कसंबसं म्हणालो, "बाई, ते राजीनामे हेडमास्तरांनी आधी मला लिहायला सांगितले होते. मी तुमचं नाव घेतलं."

"ठाऊक आहे की," बाई म्हणाल्या. "त्यांनी मला तेव्हाच सांगितलं. म्हणाले, गुरव सर म्हणतात, अक्षर म्हणाल तर मठपतीबाईंचं."

त्यांनी नारळ माझ्या हातातून घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून हसल्या.

"इतकी वर्षं फळा लिहिला, गुरव सर. माझ्या अक्षराला चांगलं म्हटलं ते तुम्हीच, आणि तुम्ही तर चित्रकलेचे. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं, की नव्वदसुद्धा लिहिले असते. काय लिहितेय तिकडं बघायचं भानच नव्हतं. इरली. या आता, अंधार पडेल."

त्या आत गेल्या आणि कडी लागली. मला त्या दुपारी बार्शीची गाडी गाठायची होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.